राखणदाराचा झुरका

“विडी हाडलंस, काय रिकाम्या हातान चढतलंस?”

व्हॅनची काच मी पुरती खाली घेतलीही नव्हती. धुक्यातून आधी शेवंतीबायचा आवाज आला, मग तिच्या डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि मग ती. भाद्रपद उतरणीला लागला होता. भर दुपार होती, पण आंबेखोल घाटात दुपार अशी नव्हतीच. दरीतून धुकं वर येत होतं आणि रस्ता गिळत होतं.

घाटाच्या मधल्या वळणावर शेवंतीबायचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे एक काळा दगड होता. त्याला देऊळ नाही, छप्पर नाही, शेंदूरसुद्धा नाही. तो घाटाचा राखणदार. हातात काठी घेऊन तो अख्खा घाट चालतो, चढणाऱ्याला चढवतो आणि उतरणाऱ्याला उतरवतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक दगडाशी नव्या वहाणा ठेवतात. वाटेने जाणाऱ्याने मात्र त्याला विडी द्यायची. विडी आपल्या तोंडाने पेटवायची, एक झुरका आपण घ्यायचा आणि उरलेली दगडावर ठेवायची. ती सगळी जळून जाईपर्यंत थांबायचं. संपली की वाट मोकळी. मधेच विझली तर दुसरी लावायची. आमचे बाबा ट्रक चालवत. कितीही घाई असली तरी ते त्या दगडापुढे हात बांधून उभे राहत. मी लहानपणी केबिनमधून बघायचे. त्यांची ओढायची विडी आणि द्यायची विडी एकाच बंडलातली असायची.

“बाबा विडी तुझ्याकडेच घेत नेहमी,” मी म्हटलं.

“माझ्याकडे नाय गो आता. कोण घेता? म्हातारे ओढीत, ते गेले. तरणे सिगरेटी ओढतत. बंडल हाडलंय तर पावसात बुरशी धरता.” ती खिडकीतून आत डोकावली. “ह्यो कोण? भास्कर? मेल्या, किती वाळलंस!”

भास्कर माझा पाठचा भाऊ. तो शेजारच्या सीटवर बसला होता, अंगात स्वेटर आणि मांडीवर दवाखान्याची पिशवी. त्याच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. कोल्हापुरात ऑपरेशन ठरलं होतं. त्याची बायको उज्ज्वला आधीच पुढे गेली होती आणि संध्याकाळी त्याला दाखल करायचं होतं. मागच्या खेपेला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याची छाती तपासून तसंच परत पाठवलं होतं. “आधी धूर सोडा, मग या,” असं म्हणाल्या होत्या. आता पुन्हा परत आलो असतो तर तिसरी खेप त्याला झेपली नसती. चार पायऱ्या चढला तरी त्याचे ओठ काळसर पडत.

भास्करने विडी सोडली होती, हे खरं. तो तसं सगळ्यांना छाती ठोकून सांगायचाही. पण विडीच्या जागी त्याच्या हातात एक निळी, बोटाएवढी, वाफ ओढायची नळी आली होती. कोल्हापूर येईपर्यंत ती त्याच्या हातातून कशी सोडवायची, घरून निघाल्यापासून माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं.

“थांबा वाईच,” शेवंतीबाय म्हणाली. “पानाचो तंबाखू आसा माझ्याकडे. आपट्याचा सुका पान घेतंय नि एक विडी वळून देतंय.”

“नको गो बाय, उशीर होता,” भास्कर खाली उतरला. “देवाक माझ्याकडची देतंय.” त्याने खिशातून नळी काढली, एक झुरका घेतला आणि तोंडातून पांढरी वाफ सोडली. धुक्यात धुकं मिसळलं. पिकल्या आंब्याचा वास सुटला. भाद्रपदात, त्या ओल्या दगडांपाशी, पिकल्या आंब्याचा!

शेवंतीबायने नाक फेंदारलं. “ह्या काय रे?”

“विडीच आता. ह्येका आग नाय, राख नाय.”

“नि गावता खंय?”

“कोल्हापुरात. मोबाईलची कवरां विकता, त्या दुकानात. भायर ठेवणत नाय, बंदी आसा. ‘तो मागचो चार्जर दाखव’ म्हणाचा. मगे तो कपाट उघडता.”

“चार्जर!”

“आता तर थंय जाऊचा पण लागणा नाय. फोनार सांगला की कोणतरी हाडून देता. आणि तो पोरांक विकणा नाय हां. दाढी बघता आधी.”

“मोठो धर्मराजच मगे,” शेवंतीबाय म्हणाली. “आणि ह्या संपता कधी?”

“लवकर संपणा नाय. ताच तर बरा. विडी कशी, पेटवलंस की संपली. ह्या खिशात आसताच. मनात इला की ओढायचा.”

ते मला ठाऊक होतं. विडीच्या दिवसांत भास्कर नाक्यावरच्या टपरीवर जायचा, उभ्या उभ्या एक ओढायचा, थोटूक पायाखाली चिरडायचा आणि घरी यायचा. घरात आलेला भास्कर आमचा असायचा. आता तो भाताच्या ताटावरही एक हात खिशात ठेवून बसे. अंथरुणातही त्याच्या उशाशी निळा दिवा लागे आणि विझे.

तो रस्ता ओलांडून गेला आणि नळी दगडावर ठेवली. मी आणि शेवंतीबाय मागोमाग गेलो. त्याने हात जोडले न जोडले आणि वळणार, एवढ्यात नळीच्या टोकाचा निळा दिवा लागला.

कोणी ओढलं तरच तो लागतो.

दिवा बराच वेळ जळत राहिला, मग विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. म्हातारा माणूस दमाने झुरका घेतो, तोंडात धरतो आणि सोडतो, तसा.

“वारो,” भास्कर म्हणाला. “आत एक मशीन आसता, वारो लागलो की...”

पलीकडे शेवंतीबायच्या चुलीचा धूर दोरीसारखा सरळ उभा होता.

“ओढता तो,” शेवंतीबाय हळू आवाजात म्हणाली. “घेतल्यान. आता संपापर्यंत हलाचा नाय.”

“बाय, ह्या चार दिवस संपणा नाय!”

“मगे चार दिवस बस. माका काय इचारतंस? तूच दिलंस.”

आम्ही उभे राहिलो. दिवा लागत होता, विझत होता. मी भावाकडे बघितलं. तो दगडाकडे बघतच नव्हता, त्याची नजर नुसत्या नळीवर होती. त्याची बोटं ओठांशी जात आणि रिकामी परत येत. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या गारठ्यात! भूक लागलेलं पोर दुसऱ्याच्या हातातल्या भाकरीकडे बघतं, तसा तो बघत होता. मला त्या दिव्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

“भास्कर, ऱ्हवांदे ती हयच,” मी म्हटलं. “बरा झाला. सुटली. चल, गाडीत बस.”

“होय,” तो म्हणाला. आणि पुढे होऊन त्याने दगडावरून नळी उचलली.

“दिलेला परत घेतलंस!” शेवंतीबाय ओरडली. “अरे खुळ्या! तेच्या तोंडातला काढलंस!”

तो ऐकत नव्हता. नळी ओठांना लावूनच तो गाडीत जाऊन बसला. मी शेवंतीबायकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. दगडाकडे तोंड करून ती पदर पसरून उभी राहिली होती.

मी गाडी काढली.

वळणं मला बाबांच्या ट्रकमधून पाठ होती. शाळेची मुलं ने-आण करणारी ही व्हॅन मी खाली गावात रोज चालवत असे. मागच्या बाकांवर त्यांनी खडूने काढलेली फुलं होती. धुक्यात दिव्यांचा उजेड हातभर जाऊन थबकत होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग मला तो आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

“काय वाजता?” भास्करने विचारलं.

“दगड असतलो टायरात.”

पण टायरातला दगड वेग वाढवला की भरभर वाजतो. हा आवाज तसाच राहिला. मी गाडी पळवली तरी तो सावकाश, भास्करच्या दाराच्या बाहेर, बरोबरीने. टक्. टक्. म्हातारा माणूस काठी टेकत चालावा, तसा.

“ताय,” भास्कर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “माका ओढूक गावणा नाय.”

“म्हणजे?”

“मी ओढतंय, पण येणा नाय काय. आधीच कोणीतरी ओढता.”

मी नजर वळवली. नळी त्याच्या मांडीवर पडली होती. त्याचे दोन्ही हात बाजूला होते. निळा दिवा लागला. दिवा लागला तशी भास्करची छाती आत गेली. दिवा विझेपर्यंत ती आतच राहिली. मग त्याने तोंड उघडून हवा घेतली, बुडता माणूस घेतो तशी. पुन्हा दिवा लागला. पुन्हा त्याची छाती आत गेली.

झुरका नळीचा नव्हता.

मी काच उघडली आणि नळी हिसकून बाहेर भिरकावणार, तर त्याने माझं मनगट धरलं. त्या आजारी हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. “टाकू नको,” तो म्हणाला. “ताय, टाकू नको. माझो श्वास आसा तेच्यात.”

गाडी थांबवून मी त्याच्याकडे बघितलं. ओठ जांभळे पडले होते. वर कोल्हापूर, म्हणजे डॉक्टर, ऑक्सिजन, उज्ज्वला. खाली एक दगड आणि एक म्हातारी. शहाण्या माणसाने वर जावं. भास्करही तेच पुटपुटत होता, “वर... वर चल.” बाहेर काठी थांबली होती. गाडी थांबली तशी तीही थांबली होती. वाट बघत.

मी चाक फिरवलं आणि गाडी खाली घेतली.

“खुळी काय तू?” तो कसाबसा म्हणाला.

“होय,” मी म्हटलं. “गप बस.”

शेवंतीबाय आमची वाटच बघत होती. चुलीवर शेकलेलं आपट्याचं पान तिच्या मांडीवर होतं. चंचीतला तंबाखू बोटांनी मोडून तिने पानावर पसरला, पान वळलं, टोक दुमडलं आणि सुताने बांधलं.

“तेका उतरव.”

“तो उभो ऱ्हवणा नाय.”

“मगे विडी कोण पेटवतला? जेना घेतल्यान, तेनाच देऊक व्हयी.”

आम्ही दोघी गाडीशी गेलो. भास्करची मान सीटवर कलली होती. शेवंतीबायने त्याच्या ओठांना विडी लावली आणि काडी ओढली. त्याला आत ओढताच आलं नाही. काडी विझली. दुसरी विझली. मांडीवर निळा दिवा मात्र लागत होता.

“मी पेटवतंय,” मी म्हटलं.

शेवंतीबाय थांबली. “एकाच आवशीचा दूध प्यालात मां तुमी? मगे चलात. पण आयक, बाये. ही भावाची विडी. ती तुझ्या तोंडातसून गेली की राखणदाराची वळख तुझ्याशी, मागतलो तो तुझ्याकडेच. भास्कराशी नाय. मगे माका म्हणशील, सांगलंस नाय.”

“दी हय.”

मी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. बाबांच्या शर्टाचा वास आला तरी मला मळमळे. पहिल्या झुरक्याला ठसका लागणार, डोळ्यांतून पाणी येणार, म्हणून मी दम धरून बसले. तसं काही झालं नाही. धूर सरळ आत गेला, तहानलेल्याने पाणी प्यावं तसा. आत कुठेतरी जागा करून बसला. मला ते आवडलं. ते आवडलं, याचीच मला मोठी भीती वाटली.

भास्करच्या मांडीवरून मी नळी उचलली. या खेपेला त्याने धरली नाही. एका हातात नळी आणि एका हातात विडी घेऊन मी रस्ता ओलांडला. दोन्ही दगडावर शेजारी शेजारी ठेवल्या. काय म्हणावं ते सुचेना. मग जात्यावर बसल्यावर आई म्हणायची ती ओवीच तोंडात आली.

घाटाच्या राखणदारा, तुझ्या काठीचा विसावा
माझा पाठीचा बंधव, घरी सुखाचा पोचवा

“ह्या नळीक शेवट नाय रे बाबा,” मी म्हटलं. “तू तरी किती ओढशील? दमशील. ही घे. ही संपता.”

निळा दिवा लागला. विडीच्या टोकावर राख साठत होती. दिवा विझला आणि परत लागला. मी गाडीकडे बघण्याचं धाडस केलं नाही. मग दिवा अर्ध्यातच विझला आणि विडीचं टोक लाल झालं. एकदम, भडक लाल. धुकं त्या लालीने क्षणभर उजळलं. मग लाली मंद झाली आणि धूर निघाला, पण वर गेला नाही. दगडाच्या वर, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, तो घुटमळला. मग पसरला.

शेवंतीबाय मागून म्हणाली, “आता हलू नको.”

मी हलले नाही. विडी सुतापर्यंत जळली. राख कुठे तुटली नाही, अख्खी राहिली, वाकलेल्या बोटासारखी. सूत जळलं तेव्हा उजवीकडे, चढाच्या बाजूला, एकदा टक् झालं. मग जरा वर. मग आणखी वर. मग धुकंच राहिलं.

“ताय,” गाडीतून हाक आली. “पाणी आसा काय?”

नळी दगडावरच राहिली. शेवंतीबायने पुढे तिचं काय केलं, मी विचारलं नाही.

कोल्हापुरात त्या डॉक्टरीणबाईंनी भास्करची छाती तपासली. पुढून, मागून, पुन्हा पुढून. “छान सोडलीत की हो!” त्या म्हणाल्या. “एकदम मोकळी छाती.” मग त्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली. “पण बाई, तुम्हीच ओढत असाल तर यांच्या खोलीत थांबू नका. किती वर्षांची सवय आहे?”

उज्ज्वला माझ्याकडे बघतच राहिली. भास्करने मान खाली घातली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. भास्करची झडप ठीक आहे. त्याच्या डोक्यावर पांढरं दिसायला लागलंय. तो स्वतःचा टेम्पो चालवतो. उदबत्ती लावली तरी खोलीबाहेर जातो. नळीचं तर नावच नको. त्याला तिची आठवण येत नाही, वास येत नाही, स्वप्नातही ती दिसत नाही, असं उज्ज्वला सांगते. सुटावी तर अशी.

आमच्या नाक्यावरची टपरी बंद झाली. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मला बंडल आणायला बसस्टँडमागच्या म्हाताऱ्याकडे जावं लागतं. “कोणासाठी नेता, मावशी?” असं त्याने एकदा विचारलं होतं. मी खरं ते सांगितल्यावर परत विचारलं नाही.

गेल्या महिन्यात भास्कर घाट उतरून थेट माझ्याकडे आला, हातात गुळाची पिशवी. दुपारची वेळ होती. तो दारातच थबकला.

“ताय, वास कसलो?”

“विडीचो.”

“तू ओढतंस? अजून?”

“एकच झुरको.”

“नि बाकीची?”

मी खिडकीसमोरून बाजूला झाले. गजाशी, करवंटीच्या कडेवर विडी ठेवलेली होती. पडदा हलत नव्हता. विडीचं टोक लाल झालं, दमाने, मग काळवंडलं. पुन्हा लाल झालं.

भास्करने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून.

“ताय, सोड मां ती.”

“सोडतलंय,” मी म्हटलं. “आधी तू म्हातारो हो.”